घात पाण्याखाली होतो
महाडजवळचा सावित्री नदीवरचा दगडी कमानींचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला, तेव्हा बोट लगेच त्याच्या वयाकडे गेलं. पण कमानीतले दगड एकमेकांवर दाबले जातात, ताणले जात नाहीत. आणि दाब सोसणं हा तर दगडाचा मूळ गुण. चीनमधला चाओचौचा पूल सुमारे ३७ मीटरच्या एकाच कमानीवर सातव्या शतकापासून उभा आहे. चुना झिजतो, सांध्यांत पिंपळ रुजतो, हा आक्षेप खराच. मात्र ते डोळ्यांना दिसतं, दुरुस्तही होतं. पुराचं पाणी खांबाभोवती भोवरे धरून तळाची वाळू उपसतं, ते दिसत नाही. पाया उघडा पडून खांब जरासा खचला, की कमानीचा आधारच जातो. जुन्या पुलांचं नुसतं वय मोजू नका; प्रत्येक पावसाळ्यानंतर पाण्यात उतरून पाया तपासा.