पिशवी काढल्यानंतरचा त्रास नुसती ‘कमजोरी’ नाही. डॉक्टरांना हे नक्की विचारा

सिरसाळा (ता. परळी) : वय पस्तिशीचं. अंगातून एकदम वाफा निघतात, रात्री घामानं झोप मोडते, हाडं दुखतात. दवाखान्यात गेलं की "कमजोरी आहे" म्हणून सलाईन लागतं.

बीड जिल्ह्यात 2019 मध्ये झालेल्या पाहणीत सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली.

पिशवीसोबत दोन्ही अंडाशय काढले असतील, तर इस्ट्रोजेन हे हार्मोन एकदम घटतं. पंचेचाळिशी-पन्नाशीत व्हायचे बदल तिशीतच सुरू होतात, हाडं ठिसूळ होतात. फक्त पिशवी काढली असली तरी अंडाशयांचं काम लवकर थांबू शकतं.

डॉक्टरकडं जाताना :

- ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड न्या. नसेल तर त्या दवाखान्यातून नक्कल मागा.
- "अंग दुखतंय" एवढंच नको. ऑपरेशन कोणत्या साली झालं, तेव्हा वय किती होतं, वाफा कधीपासून येतात, ते सांगा.
- थेट विचारा : "अंडाशय ठेवलेत का? हार्मोन कमी झालं असेल का?" थायरॉईड आणि हिमोग्लोबिनही तपासायला सांगा.

दाद लागली नाही तर चिठ्ठी घेऊन अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयातला स्त्रीरोग विभाग गाठा. यावर हार्मोनच्या गोळ्या असतात; पण स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताच्या गुठळ्या झालेल्यांना त्या सहसा देत नाहीत. म्हणून मेडिकलवरून आपल्या मनानं घेऊ नका.

दसऱ्यानंतर टोळ्या कारखान्याकडं निघतात. त्याआधीच कार्ड शोधा, तपासणी उरका.