शुश्रूषेची पारख

वृद्धांच्या शुश्रूषागृहात प्रथमच पाऊल टाकणाऱ्याची दृष्टी आधी कशावर जाते? चकचकीत फरशीवर, फुलझाडांच्या कुंड्यांवर, दर्शनी भिंतीवरील तसबिरीवर. आईला वा वडिलांना तेथे ठेवावे की नाही, याचा निर्णय पुष्कळदा या अर्ध्या घटकेच्या पाहणीवरच होतो. परंतु फरशी राखणे आणि माणूस राखणे ही दोन निराळी कामे आहेत.

बैरूत येथे जन्मलेले वैद्यकतज्ज्ञ अव्हेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली असे मांडले की, वैद्यकीय सेवेची पारख तीन अंगांनी करावी: रचना, प्रक्रिया व परिणाम. रचना म्हणजे इमारत, खाटा, सेवकवर्ग. ही मोजावयास सर्वांत सोपी. परिणाम मात्र फसवे असतात. वार्धक्यात प्रकृती ढासळावयाचीच, आणि उत्तम गृहातही माणसे मृत्यू पावतात. म्हणून मधले अंगच बारकाईने पाहावे लागते. अंथरुणास खिळलेल्या माणसाची कूस वेळोवेळी बदलली नाही, तर माकडहाड व टाचा येथील कातडीचा रक्तपुरवठा दाबाने खुंटतो आणि शय्याव्रण होतात. सगळीच व्रणे टळतात असे नव्हे. पण एकाच गृहात ती अनेकांना झाली, तर भिंतीवरील प्रमाणपत्रापेक्षा त्यांची साक्ष अधिक मोलाची. तीच गोष्ट घटत्या वजनाची. ताट समोर आले, एवढ्याने जेवण झाले असे होत नाही. म्हणून पूर्वसूचना न देता, जेवणाच्या वेळी जावे. कोणास खुर्चीला बांधून वा औषधाने गुंगवून ठेवले आहे काय, हेही पाहावे. सेवकांच्या सोयीसाठी असे करण्यास अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने मनाई झाली. आपल्याकडे २००७ च्या ज्येष्ठ नागरिकविषयक कायद्याने वृद्धाश्रमांचे दर्जे ठरविण्याचा अधिकार राज्य सरकारांकडे दिला आहे.

आणखी एक कसोटी स्थळ पाहून लावावी लागते. चेन्नईच्या उत्तरेस एन्नोर आहे. खाडी, बंदर, औष्णिक वीजकेंद्रे आणि खतकारखाना, सारे तेथे दाटीने वसले आहे. २६ डिसेंबर २०२३ च्या मध्यरात्री समुद्राखालील नळीतून अमोनिया वायू गळला, आणि पेरियकुप्पम परिसरातील माणसांना घरे सोडून पळावे लागले. ज्यांना पळता येत होते, ती पळाली. २००५ च्या कॅटरिना वादळात लुइझियानातील सेंट रीटा शुश्रूषागृह वेळीच रिकामे न केल्यामुळे तेथील ३५ वृद्ध दगावले. तेव्हा एन्नोरसारख्या ठिकाणी वृद्धांना ठेवावयाचे, तर दिवसा किती परिचारिका असतात हे विचारून भागणार नाही. रात्री दोन वाजता जागे कोण असते, खाटांना चाके आहेत काय, दार खाटेहून रुंद आहे काय, आणि वारा पाहून कोणत्या दिशेस निघावयाचे हे रात्रपाळीच्या सेविकेस ठाऊक आहे काय, हे तेथे आधी विचारावे.