नाण्यांचा शेजार

दिवाळींत लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळीं अनेक घरांतून एखादी पितळी डबी किंवा जुना बटवा बाहेर निघतो. त्यांत आजोबा-पणजोबांच्या काळचीं नाणीं असतात: राणीछाप रुपये, राजाच्या मुखवट्याचे रुपये, एखादा भोकाचा पैसा, आणि घराणें जुनें असल्यास दोन-चार शिवराया. वर्षभर अंधारांत राहिलेलीं हीं नाणीं काळवंडलेलीं दिसतात. लक्ष्मीपुढें काळें नाणें कसें ठेवावें, म्हणून घरांतील कोणीतरी चिंचेचा कोळ आणि रांगोळी घेऊन बसतें आणि घटकाभरांत तीं लखलखीत करून ताम्हनांत मांडतें. श्रोतेहो, आज मला जें सांगावयाचें आहे तें या घटकाभराच्या उद्योगाविरुद्ध आहे. परंतु नुसतें 'घासूं नका' म्हणून भागत नाहीं. नाणें काळें कां पडतें आणि तें कोणाच्या शेजारीं ठेवावें, हें कळल्यावांचून घासण्याचा मोह सुटत नाहीं.

हा मोह मलाही एकदां पडला होता. बारामतीजवळचें कन्हेरी हें आमचें गांव. तेथील घरीं आजीच्या लांकडी पेटींत इतर नाण्यांबरोबर दोन शिवराया होत्या. शाळेच्या सुटींत चिंच आणि राख घेऊन त्या घासावयास मी बसलों. पहिली चकचकीत झाली, आणि दुसरीला हात घालणार तोंच आजीनें पेटी बंद केली. आज त्या दोन्ही माझ्याजवळ आहेत. न घासलेली शिवराई भाजलेल्या चिंचोक्यासारख्या काळसर तपकिरी रंगाची आहे, आणि तिच्या एका बाजूचें 'श्री राजा शिव' व दुसऱ्या बाजूचें 'छत्रपति' हीं अक्षरें नखाला लागावींत इतकीं उठून दिसतात. घासलेल्या शिवराईवर 'राजा' कसाबसा वाचतां येतो. त्याखालचा 'शिव' गेला, तो परत येणें नाहीं. ती तांबूस झळाळीही त्याच पावसाळ्यांत ओसरली, आणि तिच्या जागीं कोठें काळा तर कोठें हिरवट असा डागाळलेला रंग आला.

एवढ्यानें बिघडलें काय, असें कोणी विचारील. शिवछत्रपतींचा राज्याभिषेक १६७४ सालचा. पण त्यांच्या नांवाचें हें तांब्याचें नाणें पुढें पेशवाईंतही निरनिराळ्या ठिकाणीं पडत राहिलें. ठसे हातानें खोदलेले असत. त्यामुळें कोठें 'शिव' तर कोठें 'सिव', कोठें 'छत्रपति' तर कोठें 'छत्रपती' अशीं रूपें आढळतात. पेशवाईंतील दुदांडी शिवराई तिच्यावरील दुहेरी रेघेनें ओळखतात. या वेलांट्या, ठिपके आणि रेघा हेंच अभ्यासकाचें साधन. चिंचेंतील टार्टारिक आम्ल तांब्यावरचा थर विरघळवितें, राख आणि रांगोळी उंचवटे झिजवितात, आणि पहिला बळी पडतो तो वेलांटीचा. नाशिक जिल्ह्यांत जोगळटेंभी येथें १९०६ सालीं क्षत्रप नहपानाचीं १३,००० हून अधिक चांदीचीं नाणीं एकाच ठिकाणीं सांपडलीं. त्यांतील सुमारें दोनतृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें स्वतःचा ठसा पुन्हां उमटविलेला आहे. वरची मुद्रा जेत्याची, आणि तिच्या खालून डोकावणारी पुसट मुद्रा जिंकलेल्याची. सातवाहनांच्या विजयाचा इतका बोलका पुरावा दुसरा क्वचितच असेल, आणि ती खालची मुद्रा एका दंतमंजनाच्या घासणींत नाहींशी होण्याजोगी आहे.

आतां हा काळा रंग येतो कोठून? चांदीला हवेंतील प्राणवायूचें सहसा कांहीं वाटत नाहीं. तिचें वैर गंधकाशीं आहे. हवेंत गंधकयुक्त वायूचा अंश अगदीं अल्प असला तरी चांदी त्याच्याशीं संयोग पावते आणि तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचा पापुद्रा धरतो. तो प्रथम हळदीच्या फिकट पाण्यासारखा पिवळसर असतो, मग तांबूस, मग मोरपिशी निळा, आणि जाड झाल्यावर काळा. मधले रंग हे पाण्यावर पसरलेल्या तेलाच्या तवंगांत दिसतात त्याच जातीचे, म्हणजे पातळ थरांतून परतणाऱ्या प्रकाशाचे आहेत. दमटपणा असला कीं हें काम झपाट्यानें होतें. म्हणजे नाणें नुसत्या म्हातारपणानें काळें होत नाहीं. त्याच्या उशापायथ्याशीं काय ठेवलें आहे त्यानें तें होतें.

आजीच्या पेटीचेंच उदाहरण घेतों. रुपयांची चळत रबराच्या पट्ट्यानें बांधलेली होती. रबर टिकाऊ करण्यासाठीं त्यांत गंधक घालतात; जेथें जेथें पट्टा टेकला होता तेथें प्रत्येक रुपयाच्या कडेवर एक काळी रेघ उमटली. चळतीखालीं मऊ म्हणून घोंगडीचा तुकडा होता. लोकरींतही गंधक असतो. नाणीं गुंडाळलेलीं होतीं वर्तमानपत्रांत, त्या कागदांत आम्ल. पेटी ठेवलेली होती गोठ्यालगतच्या कोनाड्यांत, आणि भिंतीपलीकडे गोबरगॅसची टाकी. गोबरगॅसला जो कुजक्या अंड्यासारखा वास असतो तो हायड्रोजन सल्फाइडचा, आणि चांदी काळी करणारा मुख्य वायू तोच. शिवाय नीरेच्या डाव्या कालव्यामुळें तो सारा पट्टा उसाचा आणि ओलिताचा. वारा फिरला कीं मळीच्या पाण्याचा दर्प घरांत येतो. चांदी काळी करण्यासाठीं कोणी मुद्दाम योजना केली असती तरी याहून चांगली साधली नसती.

शहरांतील श्रोत्यांनीं यावर फार निश्चिंत होऊं नये. स्नानगृहाच्या भिंतीला टेकलेलें कपाट आणि मोरीची जाळी हा आमच्या गोठ्याचाच शहरी अवतार होय. फटाक्यांच्या दारूंतही गंधक असतो. नेमकीं ज्या रात्रीं नाणीं उघड्यावर येतात त्याच रात्रीं तो धूर घरांत भरतो.

तांब्याची गोष्ट वेगळी आहे, आणि येथें थोडा विवेक पाहिजे. तांब्यावर कालांतरानें येणारा घट्ट, गुळगुळीत तपकिरी किंवा गडद हिरवा थर हा रोग नव्हे. तें त्या नाण्याचें कवच आहे, आणि जाणता संग्राहक त्यासाठीं अधिक किंमत मोजतो. रोग निराळा: फिकट पोपटी रंगाचे, भुकटीसारखे ठिपके, टांचणीनें उकरले असतां खालीं खळगा दिसतो. घामांतील, मातींतील किंवा समुद्राच्या वाऱ्यांतील मीठ धातूंत शिरून तेथें तांब्याचा क्लोराइड बनतो. ओलावा आणि प्राणवायू मिळाले कीं त्यांतून आम्ल निघतें, तें आम्ल पुन्हां तांबें खातें, आणि हें रहाटगाडगें नाणें संपेपर्यंत थांबत नाहीं. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारें ४० टक्क्यांच्या खालीं ठेवल्यास मात्र तें थंडावतें. असें नाणें दिसतांच इतरांपासून दूर करून कोरड्या डबींत ठेवावें आणि जाणकाराला दाखवावें. खोबरेल तेल चोळण्याची पद्धत कांहीं घरांत आहे. तेल खंवटलें कीं त्यांतील आम्लानें तांबें उलट अधिकच हिरवें होतें.

शिशाच्या नाण्यांचा शत्रू आणखी निराळा. पैठण, तेर, नेवासें या बाजूला सातवाहनांचीं शिशाचीं नाणीं सांपडतात. त्यांना गंधकाची फारशी भीति नाहीं. पण लांकूड, पुठ्ठा आणि ताजा रंग यांतून जी आम्लांची सूक्ष्म वाफ निघत असते, तिनें शिशावर पांढरी पूड चढते आणि नाणें भुसभुशीत होऊन जातें. हौसेनें करविलेली, आंत मखमल लावलेली प्लायवुडची पेटी म्हणूनच सर्वांत घातक, कारण लांकडांत भर पडते ती डिंकाच्या वाफेची. शिसें विषारी आहे. तें हाताळल्यावर हात धुवावेत, आणि मुलांच्या हातीं तें देऊं नये.

प्लॅस्टिकविषयीं तर बहुतेकांची फसवणूक होते. बाजारांत मिळणारीं मऊ, नव्या रेनकोटासारखा वास येणारीं पारदर्शक पाकिटें बहुधा पीव्हीसीचीं असतात. तीं मऊ राहावींत म्हणून त्यांत जें द्रव्य घालतात तें हळूहळू पाझरतें, आणि कांहीं वर्षांत नाण्यावर हिरवट, चिकट लेप बसतो. जातिवंत संग्रहांचा नाश यानें जितका झाला तितका चोरांनीं केला नसेल. ओळखण्याची एक जुनी परीक्षा आहे. तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवून प्लॅस्टिकच्या तुकड्याला टेकवावी आणि पुन्हां ज्योतींत धरावी. ज्योत हिरवी झाली तर त्यांत क्लोरीन आहे असें समजावें. हा प्रयोग घराबाहेर, मोकळ्या हवेंत आणि कणभर तुकड्यावरच करावा, कारण तो धूर अपायकारक असतो. पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएथिलीन यांचीं पाकिटें निर्धोक असतात. तीं जरा कडक असतात खरीं. तेव्हां नाणें आंत घालतांना घासटूं नये एवढें जपावें. पुठ्ठ्याच्या चौकटीला मारलेल्या लोखंडी टांचण्या पावसाळ्यांत गंजतात, हेंही लक्षांत असावें. चिकट लेप आधींच बसला असेल तर शुद्ध ॲसिटोननें तो निघतो. पण नखांचा रंग काढण्याचें बाटलींतील द्रव म्हणजे शुद्ध ॲसिटोन नव्हे, आणि खऱ्या ॲसिटोनजवळ निरांजन तर सोडाच, काडीसुद्धां पेटलेली नसावी.

येथें थोडें विषयांतर करतों. पुष्कळजण विचारतात कीं, राणीचे रुपये बरे दिसतात, मग तिच्या पणतवाचे, म्हणजे सहाव्या जॉर्जचे, इतके मळकट कां? व्हिक्टोरियाच्या रुपयाचें वजन बरोबर एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यांत बारांपैकीं अकरा भाग चांदी. १९४० सालीं युद्धाच्या दिवसांत ती निम्म्यावर आली, आणि उरलेल्या निम्म्यांत तांबें, निकेल व जस्त मिसळलें. १९४७ च्या रुपयांत तर चांदी मुळींच नाहीं, तो निकेलचा आहे. तेव्हां १९४०-४५ चा रुपया मळकट दिसला तर दोष आपल्या पेटीचा नसून टांकसाळीच्या पाककृतीचा असण्याचा संभव आहे. त्याला घासून राणीच्या पंक्तीस बसवितां येणार नाहीं.

मग ठेवावें कसें? प्रत्येक नाण्याला स्वतंत्र पाकीट, आणि चांदी, तांबें व शिसें यांच्या निरनिराळ्या डब्या. एकत्र खुळखुळणारीं नाणीं एकमेकांना ओरखडतात. डबी घट्ट झांकणाची, जाड पॉलिप्रॉपिलीनची घ्यावी. कापडच हवें असेल तर खळ पूर्ण धुऊन काढलेलें पांढरें सुती मलमल चालेल. डबींत सिलिका जेलची पुडी टाकावी. निळे दाणे ओलावा पिऊन गुलाबी होतात. पण त्यांतील कोबाल्ट प्रकृतीस चांगला नाहीं, म्हणून नारिंगी जातीचे घ्यावे, ते ओलावा प्याले कीं हिरवट किंवा फिकट होतात. रंग बदलल्यावर सौम्य आंचेवर तापवून पुन्हां कोरडे करतां येतात. जून उजाडण्यापूर्वीं हें केलें नाहीं तर पुडी असून नसल्यासारखीच. डबी पोलादी कपाटांत, आंतल्या भिंतीकडे, स्नानगृह, स्वयंपाकघर आणि उघडें छत यांपासून दूर ठेवावी. नाणें कडेनेंच धरावें, खालीं मऊ कापड पसरावें, आणि तें हातांत असतांना बोलूं नये. थुंकीचा एक थेंब वर्षभरानें काळा ठिपका होऊन उमटतो, आणि मग तो काढतां येत नाहीं.

आमच्या घरीं आतां लक्ष्मीपूजनासाठीं एक नवें चांदीचें नाणें वेगळें ठेवलेलें आहे. त्यालाच पंचामृत, त्यालाच हळदकुंकू, आणि हौस असेल त्यानें दुसऱ्या दिवशीं तेंच घासावें. जुनीं नाणीं पाकिटासकट पाटावर मांडतों. आमच्या थोरल्या काकूंना हें प्रथम रुचलें नाहीं. देवीला प्लॅस्टिकमधून नमस्कार पोंचतो काय, असें त्या म्हणाल्या. मीं दोन्ही शिवराया त्यांच्या हातीं दिल्या. त्यांनीं चष्मा लावून दोन्ही पाहिल्या, घासलेली परत केली, आणि न घासलेली बराच वेळ हातांत धरून बसल्या, अर्थात् कडेनें न धरतां! त्या रात्रीं ती बॅटरींत घालण्याच्या शुद्ध पाण्यांतून काढून, मऊ कापडानें टिपून, पुरती वाळल्यावरच मीं आंत ठेवली. पुसली मात्र नाहीं. टिपणें आणि पुसणें यांत नाण्याच्या दृष्टीनें जमीनअस्मानाचा फरक आहे.

ज्यांचीं शेतें गांवीं आहेत त्यांच्यासाठीं एक गोष्ट सांगावयाची राहिली. बारामती-इंदापुराकडचा मुलूख जुन्या वहिवाटीचा. सुपें परगण्याचें नांव तर शहाजीराजांच्या मोकाशांत येतें. अशा भूमींत नांगराला कधीं एखादें गाडगें लागलें तर १८७८ च्या भारतीय निखात निधि अधिनियमाप्रमाणें दहा रुपयांहून अधिक किंमतीच्या ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावी लागते. ती देईपर्यंत गाडगें मातीसकट, जसेंच्या तसें, सावलींत झांकून ठेवावें. नाणीं एकमेकांना चिकटलेलीं असलीं तरी सुटीं करूं नयेत, आणि आंत काय आहे तें पाहण्यासाठीं पाण्याची बादली जवळ आणूं नये.