हजेरीपटावरील मृत वीर : एका सैनिकी प्रघाताचा विचार

सैन्याचा हजेरीपट हा मूलतः हिशेबाचा कागद होय. किती माणसे हजर आहेत, किती जणांना शिधा व वेतन द्यावयाचे, एवढेच त्यावरून कळावे अशी अपेक्षा असते. अर्थात मृताचे नाव पटावर राहणे हा एरवी दोषच मानला गेला आहे. सतराव्या शतकातील फ्रान्समध्ये पाहणीच्या दिवशी खोटी माणसे उभी करून वेतन उकळणाऱ्या अधिकाऱ्यांविरुद्ध कडक नियम करावे लागले. मोगल व्यवस्थेत घोड्यांना डाग देण्याची आणि स्वारांचे चेहरेवर्णन लिहून ठेवण्याची पद्धत याच लबाडीच्या बंदोबस्तासाठी होती. असे असता काही सैन्यांनी एखाद्या मृताचे नाव हेतुपुरस्सर पटावर ठेवले, ते पुकारले आणि त्याला उत्तरही दिले. गुन्हा ठरणारी कृती सन्मान कशी ठरली, हा प्रश्न म्हणूनच विचार करण्याजोगा आहे.

या प्रघाताचे प्रसिद्ध उदाहरण फ्रान्समधील ला तूर दोव्हेर्न याचे आहे. ब्रिटनी प्रांतातील कार्हे येथे १७४३ साली जन्मलेला हा अधिकारी प्राचीन गॉल लोकांच्या भाषेचा व पुरातत्त्वाचा व्यासंगी होता. क्रांतिकाळात वरचे हुद्दे त्याने नाकारले व तो कप्तानच राहिला. पन्नाशी उलटल्यावर, ल ब्रिगां या आपल्या विद्वान मित्राच्या मुलाला सक्तीच्या भरतीतून सोडविण्यासाठी, त्याने त्याच्या जागी स्वतः सैन्यात जाणे पत्करले. प्रथम कॉन्सल बोनापार्ट याने १८०० साली त्याला ‘फ्रान्सचा पहिला ग्रेनेडियर’ हा किताब दिला. हा हुद्दा नव्हता, हे लक्षात घेतले पाहिजे. त्याच वर्षी २७ जून रोजी बव्हेरियातील ओबरहाऊझेन येथे तो भाल्याच्या घावाने पडला. त्याचे नाव ४६व्या पलटणीच्या पटावर कायम राहावे व त्याची जागा भरू नये असे ठरले. हजेरीत त्याचे नाव पुकारले गेले की एक सार्जंट, तो रणभूमीवर सन्मानाने मरण पावला, असे उत्तर देई. त्याचे हृदयही एका कुपीत घालून पलटणीबरोबर नेले जात असे. ज्या प्रजासत्ताकाने राजांची थडगी उकरली आणि संतांचे अवशेष नाकारले, त्यानेच आपल्या सैनिकाच्या हृदयाला अवशेषपूजेचा मान द्यावा, यातील विसंगती उघड आहे. जुनी चिन्हे मोडणाऱ्यालाही नव्या निष्ठेसाठी जुन्याच विधींचा साचा हाताशी घ्यावा लागतो, असा तिचा अर्थ करता येईल. पुढे १८८९ साली त्याच्या अस्थी पॅरिसच्या पांतेऑंमध्ये व १९०४ साली हृदय आंव्हालीद येथे ठेवण्यात आले.

दुसरे उदाहरण एक्वादोरचे. २४ मे १८२२ रोजी कीतो शहरालगतच्या पिचिंचा पर्वताच्या उतारावर झालेल्या लढाईत आब्दोन काल्देरोन हा अठरा वर्षेही पुरी न झालेला लेफ्टनंट चार वेळा जखमी झाला, तरी मैदान सोडून गेला नाही. त्या जखमांनी काही दिवसांतच त्याचा अंत झाला. बोलिव्हार याने त्याला मरणोत्तर कप्तानाचा हुद्दा दिला. यापुढे याग्वाची पलटणीच्या तिसऱ्या कंपनीस दुसरा कप्तान नेमू नये. पाहणीच्या वेळी काल्देरोनचे नाव पुकारताच सर्व कंपनीने, तो पिचिंचावर वैभवाने मरण पावला पण आमच्या हृदयात जिवंत आहे, असे उत्तर द्यावे. आणि त्याचे वेतन त्याच्या आईस मिळत राहावे, असा आदेश झाला. हुद्दा, रिकामी जागा, उत्तर आणि वेतन ही चारही अंगे येथे एकत्र आलेली दिसतात. पुढे कथाकारांनी त्याचे हातपाय तुटले व त्याने ध्वज दातांत धरला असे वर्णन रूढ केले. सेनापती सूक्रे याच्या वृत्तात चार जखमा आणि न सोडलेले मैदान एवढेच आहे. खरे पाहता, त्या वयाच्या तरुणाच्या शौर्यास तेवढा पुरावा पुरेसा होता.

तिसरे उदाहरण अर्जेंटिनातील ह्वान बाउतिस्ता काब्राल याचे. ३ फेब्रुवारी १८१३ रोजी पाराना नदीकाठच्या सान लोरेन्सो येथे सान मार्तीन याचा घोडा पडला व सेनापती त्याखाली अडकला. त्याला वाचविताना काब्राल प्राणास मुकला. त्याचा पिता ग्वारानी जमातीचा, तर आई आफ्रिकी वंशाची गुलाम स्त्री होती. अश्वारूढ ग्रेनेडियरांच्या पलटणीत त्याचे नाव हजेरीत पुकारले जाते आणि तो रणात मरण पावला तरी अंतःकरणात जिवंत असल्याचे उत्तर दिले जाते. लोकांत तो ‘सार्जंट काब्राल’ म्हणून ओळखला जातो. देशातील दुय्यम अधिकाऱ्यांच्या शाळेलाही तेच नाव आहे. वस्तुतः लढाईच्या वेळी तो साधा शिपाई होता. शिवाय ही पलटण १८२६ साली मोडली गेली व १९०३ साली पुन्हा उभी राहिली. म्हणजे परंपरा स्वतःस अखंड मानते, परंतु तिच्या मध्यभागी पाऊण शतकाहून अधिक काळाची पोकळी आहे. यामुळे तिचे मोल कमी होते असे नाही. मात्र ती कोणी, केव्हा आणि कशासाठी पुन्हा उचलली, हे विचारणे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.

या तिन्हींहून अगदी निराळा प्रकार अमेरिकेतील जॉर्ज वॉशिंग्टन याचा आहे. १७९९ साली तो मरण पावला तेव्हा त्याचा हुद्दा लेफ्टनंट जनरलचा होता. पुढील दीड शतकात हुद्द्यांची उतरंड वाढत गेली आणि अनेक सेनानी कागदोपत्री त्याच्या वर गेले. स्वातंत्र्याच्या द्विशतसांवत्सरिकाच्या निमित्ताने ११ ऑक्टोबर १९७६ रोजी झालेल्या कायद्याने त्याला ‘जनरल ऑफ द आर्मीज’ हा हुद्दा ४ जुलै १९७६ पासून देण्यात आला व यापुढे कोणीही त्याच्या वर असू नये असे ठरले. येथे स्मरण करावयाचे नव्हते; ज्येष्ठतेची यादी दुरुस्त करावयाची होती.

यावरून या सन्मानांचे दोन वर्ग पाडता येतात. पहिल्यात मृताला वर चढविले जाते, दुसऱ्यात त्याला आत ठेवले जाते. बढती राज्य देते व ती एकदाच दिली जाते. हजेरीतील उत्तर मात्र सोबत्यांना द्यावे लागते, आणि ते पुनःपुन्हा द्यावे लागते. हे उत्तर मृत्यू नाकारत नाही, ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. ‘हजर’ असे कोणी म्हणत नाही; तो मेला, असेच स्पष्ट सांगितले जाते. नाकारली जाते ती केवळ त्याची जागा दुसऱ्याने भरण्याची रीत. सैन्य माणसाला क्रमांकाप्रमाणे बदलून घेते. हा प्रघात त्या नियमाला एक अपवाद करतो. तथापि अपवाद एकाचाच होतो, हेही विसरता येत नाही. पिचिंचावर पडलेल्या इतरांची नावे कोणी पुकारीत नाही.

महाराष्ट्रात याला समांतर अशी दोन साधने सापडतात. पेशवेकालीन कागदपत्रांत लढाईत पडलेल्यांच्या कुटुंबास दिलेल्या ‘बालपरवेशी’च्या नेमणुका आढळतात, काल्देरोनच्या आईचे वेतन आणि ही नेमणूक यांमागील न्याय एकच आहे. दुसरे साधन वीरगळ. खालच्या चौकटीत युद्ध, मध्ये अप्सरांसह स्वर्गगमन, वर शिवपूजा, असा त्याचा परिचित क्रम असतो. बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवर तर नौकायुद्ध कोरलेले आहे. पण महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळांवर लेख नाही. हजेरीपट नाव राखतो व रूप गमावतो. वीरगळ रूप राखतो व नाव गमावतो.

अलीकडील भारतीय प्रघातांत दोन्ही धारा दिसतात. मराठा लाइट इन्फंट्रीच्या युद्धघोषात शिवछत्रपतींचा जयजयकार आहे. नौदलाचे लोणावळ्याचे अभियांत्रिकी प्रशिक्षणकेंद्र त्यांचे नाव धारण करते, आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी स्वीकारलेल्या नौदलध्वजावरील अष्टकोन त्यांच्या राजमुद्रेवरून घेतला आहे. येथे वीर प्रेरणास्थान असतो, सोबती नव्हे. उलट १७ नोव्हेंबर १९६२ रोजी नुरानांग येथे पडलेला गढवाल रायफल्सचा महावीरचक्रविजेता जसवंतसिंह रावत याची तवांगच्या वाटेवरील जसवंतगडावर शय्या मांडली जाते, बुटांना पॉलिश होते, चहा ठेवला जातो. येथे हजेरीचा विधी देवघरातील नित्यसेवेच्या वळणावर गेला आहे.

तेव्हा असे प्रघात केवळ चमत्कारिक म्हणून बाजूस सारणे योग्य नाही. सैन्य कोणाला वर चढविते यावरून राज्याची प्रतिष्ठाकल्पना कळते. ते कोणाची जागा रिकामी ठेवते यावरून त्याची कृतज्ञता कळते. काब्रालसारख्या दासीपुत्राचे नाव सेनापतीच्या पलटणीत आजही पुकारले जाते ही घटना मोठीच आहे. पण त्याला सार्जंट केल्यावाचून लोकस्मृतीचे समाधान झाले नाही, ही घटनाही तितकीच बोलकी आहे. साध्या शिपायाला साधा शिपाई म्हणूनच लक्षात ठेवणे समाजाला अवघड जाते. दंतकथा आणि हुद्दे यांच्याखालून ते मूळ नाव पुन्हा वर काढणे, हे या क्षेत्रातील संशोधनाचे पहिले कार्य होय.