झायोनिझम : स्वभूमीचा ध्यास आणि त्याची किंमत

वल्हांडण सणाचें भोजन आटोपलें म्हणजे पुढील वर्षीं हा सण जेरुसलेमांत घडो, अशी इच्छा यहुदी कुटुंबांतून शतकानुशतकें उच्चारली जात आली. इ. स. ७० मध्यें रोमन सैन्यानें तेथील मंदिर उद्ध्वस्त केलें. परंतु नगरीची आठवण प्रार्थनेंत जिवंत राहिली. तथापि तेथें सर्वांनीं परत जाणें हें ईश्वराच्या इच्छेवर अवलंबून आहे, मनुष्याच्या खटपटीवर नव्हे, अशीच बहुतेकांची श्रद्धा होती. ही इच्छा राजकारणांत आणणाऱ्या चळवळीचें नांव झायोनिझम. झायन हें जेरुसलेमांतील टेकडीचें प्राचीन नांव होय.

हें स्थित्यंतर कसें झालें? एकोणिसाव्या शतकांत पश्चिम युरोपांतील यहुद्यांस नागरिकत्वाचे हक्क मिळूं लागले आणि बहुजनसमाजांत मिसळून गेल्यास द्वेष ओसरेल, अशी आशा सुशिक्षितांस वाटूं लागली. १८८१ मध्यें रशियाच्या झारचा खून झाला व दक्षिण रशियांतील यहुदी वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. तेव्हां ओडेसाचे डॉक्टर लिओ पिन्स्कर यांची ती आशा मावळली. यहुदीद्वेष हा युरोपचा जुनाट रोग असून स्वतःची भूमि हाच त्यावर उपाय, असें त्यांनीं १८८२ मध्यें प्रतिपादन केलें.

थिओडोर हर्झल हे व्हिएन्नाच्या एका वृत्तपत्राचे पॅरिसमधील बातमीदार. १८९५ च्या जानेवारींत कॅप्टन ड्रायफस या निरपराध यहुदी अधिकाऱ्याची जाहीर मानखंडना झाली, ती त्यांनीं पाहिली. त्या प्रसंगाचा परिणाम किती, याविषयीं अभ्यासकांत मतभेद आहेत. पण पुढच्याच वर्षीं त्यांनीं यहुदी राज्याची योजना छापली आणि १८९७ मध्यें बाझल येथें पहिली परिषद भरविली. १९०३ मध्यें ब्रिटिशांनीं पूर्व आफ्रिकेंत भूमि देऊं केली. तिचा विचार व्हावा, असें हर्झल यांचें मत पडलें. पण ज्यांच्यावर प्रत्यक्ष संकट कोसळलें होतें, त्या रशियन प्रतिनिधींपैकींच पुष्कळांनीं सभात्याग केला! केवळ आसरा नव्हे, तर तीच भूमि त्यांस हवी होती.

आशर गिन्सबर्ग ऊर्फ अहद हाअम यांचा विचार निराळा. राज्यापूर्वीं संस्कृतीचें केंद्र हवें, असें ते म्हणत. एलिएझर बेन-येहुदा व इतर अनेकांच्या प्रयत्नांनीं ग्रंथांतील हिब्रू पुन्हां घरोघर बोलली जाऊं लागली, ती याच आकांक्षेची साक्ष. पण अहद हाअम यांनीं आणखी एक गोष्ट सांगितली. १८९१ मध्यें पॅलेस्टाईन पाहून आल्यावर, ही भूमि ओसाड नाहीं, तेथें अरब शेतकरी नांदत आहेत, असा इशारा त्यांनीं स्वकीयांस दिला.

तो फारसा मानला गेला नाहीं. १९१७ च्या बाल्फोर घोषणेंत यहुद्यांस ‘राष्ट्रीय निवासस्थाना’चें आश्वासन मिळालें. तेथील बहुसंख्य अरबांचा उल्लेख मात्र ‘यहुदीतर समाज’ एवढाच झाला. त्यांच्या राजकीय हक्कांचा शब्दही नव्हता. पुढें नाझी राजवटीनें सुमारें साठ लक्ष यहुद्यांचा संहार केला. आश्रय मागणाऱ्यांस अनेक देशांनीं दारें बंद केलीं होतीं. त्यामुळें स्वतःचें राज्य हवें, हा युक्तिवाद अनेकांस निर्विवाद वाटला. १४ मे १९४८ रोजीं इस्रायल जन्मास आलें. त्याच काळच्या युद्धांत सात लक्षांहून अधिक पॅलेस्टिनी अरब निर्वासित झाले. त्यांचीं मुलें-नातवंडें आजही परतीची आस धरून आहेत.

आमच्या कोंकणांतील बेने इस्रायल, म्हणजे शनिवारीं घाणा बंद ठेवणारे ‘शनवार तेली’, यांस येथें धर्मासाठीं छळ सोसावा लागला नाहीं. तरीही १९४८ नंतर त्यांच्यापैकीं बहुतेक इस्रायलास गेले. तेथील धर्माधिकाऱ्यांनीं त्यांच्या यहुदीपणाविषयींच शंका काढली. निकराचा लढा दिल्यावर १९६४ मध्यें तेथील संसदेनें ते सर्वार्थानें यहुदी असल्याचें मान्य केलें. स्वभूमींतही आपलेपण मागून घ्यावें लागतें, हा अनुभव मराठी बोलणाऱ्या या बांधवांस आला.

घर नसण्याचें दुःख यहुद्यांइतकें दीर्घकाळ क्वचितच कोणीं भोगलें असेल. एकाचें घर वसतांना दुसऱ्याचें मोडूं नये, हा अहद हाअम यांच्या इशाऱ्यांतून निघणारा बोध मात्र अद्याप आचरणांत यावयाचा आहे. दोन्ही दुःखें खरीं आहेत. एकाच्या नांवानें दुसरें नाकारणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं.