ओंडके फोडण्याचे यंत्र निवडताना : टनांपलीकडचा हिशेब

मे महिना उजाडला की गोव्यात पुरुमेताची लगबग सुरू होते. सुकी मासळी, आमसुले, मिरच्या यांच्याबरोबरीने पावसापूर्वी कोरड्या जागी रचून ठेवावी लागणारी आणखी एक वस्तू म्हणजे सरपण. स्वयंपाकघरात गॅस आला, तरी पोदेराची पारंपरिक भट्टी, काजूची दारू गाळण्याची भट्टी, देवस्थानांतील महाप्रसादाच्या चुली आणि अनेक घरांतील न्हाणीची चूल अजूनही लाकडावरच चालते. कुऱ्हाड आणि पाचर घेऊन दिवसभर ओंडके फोडण्याचे काम कष्टाचे असल्यामुळे, ज्यांना लाकूड सतत लागते त्यांचे लक्ष हायड्रॉलिक यंत्राकडे वळणे स्वाभाविक आहे. मात्र विक्रेता सर्वप्रथम सांगतो तो टनांचा आकडा. केवळ त्या आकड्यावर विसंबून केलेली खरेदी पुढे पश्चात्तापाची ठरू शकते.

लाकूड फोडायचे कशासाठी?

ओंडक्यातील ओलावा प्रामुख्याने कापलेल्या दोन टोकांतून बाहेर पडतो. साल त्याला अडवून धरते. ओंडका उभा चिरला की आतील भाग उघडा पडतो आणि वाळण्याचा वेग वाढतो. ताज्या लाकडात साधारण निम्मे वजन पाण्याचे असू शकते. उकळत्या तापमानाच्या एक किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता लागते. म्हणजे दहा किलो ओल्या लाकडातील पाच किलो पाणी घालवण्यातच २,७०० किलोकॅलरी खर्ची पडतात. त्यात धूर होतो आणि भट्टी नीट तापत नाही, ते वेगळेच. म्हणून यंत्र मे महिन्यात आणून भागत नाही. पाऊस ओसरल्यावर, डिसेंबर-जानेवारीपर्यंत लाकूड फोडून वाऱ्यावर रचले, तरच ते पुढील पावसाळ्यासाठी तयार होते.

टन म्हणजे नेमके काय?

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे सतराव्या शतकात पास्कालने मांडलेले तत्त्व या यंत्राच्या मुळाशी आहे. पंप तेलाला दाब देतो, तेल सिलिंडरमधील दट्ट्या ढकलते आणि ओंडका पोलादी पाचरीवर रेटला जातो. दाबाला दट्ट्याच्या क्षेत्रफळाने गुणले की बळ मिळते. सिलिंडरचा आतील व्यास १० सेंटिमीटर असल्यास क्षेत्रफळ सुमारे ७८.५ चौरस सेंटिमीटर होते. २०० बार दाबाला त्यातून सुमारे १६ टन बळ निर्माण होते. एवढ्याच सिलिंडरवर आणि दाबावर कोणी २५ टनांचा दावा करत असेल, तर तो मान्य करू नये. विक्रेत्याकडून आतील व्यास आणि कमाल दाब या दोन गोष्टी लिहून घ्याव्यात. उरलेला हिशेब घरी करता येतो.

ढोबळमानाने, २० सेंटिमीटरपर्यंत जाडीच्या सरळ तंतूंच्या ओंडक्यांना ५ ते ७ टनांचे छोटे यंत्र पुरते. ३० ते ४० सेंटिमीटर जाडीसाठी १५ ते २० टन बळ असावे. सुरूचे कठीण लाकूड किंवा गाठींनी भरलेला, पिळदार तंतूंचा बुंधा असेल, तर त्याहून अधिक बळाची गरज भासते.

वेग आणि मोटर

बळाइतकाच महत्त्वाचा प्रश्न वेळेचा. वरील सिलिंडरचा दट्ट्या ६० सेंटिमीटर पुढे सरकण्यास सुमारे ४.७ लिटर तेल लागते. पंप मिनिटाला १० लिटर तेल देत असेल, तर एका फेरीला सुमारे २८ सेकंद लागतात. २० लिटर देत असेल, तर १४ सेकंद. परंतु २०० बार दाबाने मिनिटाला १० लिटर तेल ढकलायचे तर ३.३ किलोवॅट शक्ती हवी. गळती-घर्षण धरता मोटर पाच अश्वशक्तीहून थोडी अधिकच लागते. दोन-तीन अश्वशक्तीच्या मोटरवरही १६ टन मिळू शकतात, पण दट्ट्या संथ चालतो. यावर उपाय म्हणजे दोन टप्प्यांचा पंप. लाकूड लागेपर्यंत तो कमी दाबाने भरपूर तेल देतो आणि लाकडाने प्रतिकार केला की कमी तेल अधिक दाबाने देतो.

घरगुती वापराला सिंगल-फेज विजेवरचे यंत्र सोयीचे. रोज भट्टी पेटवणाऱ्याने थ्री-फेज जोडणीचा विचार करावा. विजेपासून दूर, बागायतीत काम असेल, तर पेट्रोल इंजिनचे किंवा ट्रॅक्टरला जोडायचे यंत्र घ्यावे. पेट्रोल इंजिन बंद खोलीत कधीही चालवू नये. ४० सेंटिमीटर जाडीचा आणि अर्धा मीटर लांबीचा ओला ओंडका ६० किलोंच्या आसपास भरू शकतो. तो कंबरेइतक्या उंच आडव्या यंत्रावर चढवणे एकट्याचे काम नव्हे. असे ओंडके अधिक असतील, तर जमिनीवरूनच लाकूड सरकवता येईल असे उभे यंत्र बरे.

जिथे काटकसर नको

सर्वांत महत्त्वाची बाब सुरक्षिततेची. दोन्ही हात दोन मुठींवर असतील तेव्हाच दट्ट्या पुढे सरकेल आणि एक हात सुटताच थांबेल, अशी रचना असलेलेच यंत्र घ्यावे. एकाने ओंडका धरायचा आणि दुसऱ्याने मूठ दाबायची, या सवयीने बोटे जातात. मोटरवर फिरणारा स्क्रूसारखा शंकू असलेली स्वस्त यंत्रेही बाजारात मिळतात. ती हायड्रॉलिक नसतात आणि त्यांत कपडा किंवा हातमोजा अडकला तर माणूस ओढला जातो. तेलाच्या नळीची गळती हाताने चाचपू नये. सूक्ष्म छिद्रातून येणारे दाबाखालील तेल त्वचेत घुसून गंभीर इजा करते. त्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा वापरावा. विजेच्या यंत्राला अर्थिंग आणि गळतीप्रवाह तोडणारा स्विच अनिवार्य समजावा.

आणखी एक भान राखणे आवश्यक आहे. यंत्र आपले असले, तरी झाड तोडण्यास १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते.

खरेदीपूर्वीची अखेरची कसोटी सोपी आहे. आपल्याच साठ्यातील सर्वांत गाठाळ ओंडका विक्रेत्याकडे न्यावा, तो समोर फोडून घ्यावा आणि घड्याळ लावून वेळ मोजावी. विक्रेत्याने निवडलेल्या सरळ, कोरड्या लाकडावरचे प्रात्यक्षिक ग्राह्य धरू नये.