फरशीवरची शिवण

मुंबईच्या उपनगरात गोधडी शिवायला घेतली की पहिली अडचण येते जमिनीची. सुईदोरा कुठेही मिळतो, पण सात फूट बाय पाच फूट मोकळी, सपाट फरशी आणायची कुठून? घाटकोपरच्या चाळीत दुपारच्या वेळी गॅलरी कामी यायची. बोरिवलीच्या फ्लॅटमध्ये आधी सोफा भिंतीला ढकलावा लागतो. टेबलाचा उपयोग नाही, कारण गोधडी अंथरायची असते आणि शिवणारी तिच्यावरच बसते. तिच्या वजनानेच खालचे थर जागचे हलत नाहीत.

सगळं माप लुगड्यावरून आलेलं. नऊवारी भरतं साधारण सव्वाआठ मीटर. ते चौपदरी केलं की दोन मीटर लांबीचे चार थर होतात, म्हणजे एका माणसाची चौघडी तयार. विरलेला भाग आत, धड भाग वर, त्यावर ठिगळं: खणाचे तुकडे, सदऱ्याची बाही, परकराचा घेर. आत कापूस नाही, त्यामुळे पिंजाऱ्याची गरज नाही. रजईतला कापूस गोळा होतो आणि पुन्हा पिंजून भरावा लागतो. गोधडीचं तसं नाही. विटली की तिच्यावरच नवं लुगडं चढवायचं.

चारी कडा आधी टाचून घेतात. मग धावदोरा कडेने सुरू होतो आणि फेऱ्या घेत घेत मध्याकडे सरकतो. चौकटीवर क्विल्ट शिवणाऱ्या युरोप-अमेरिकेतल्या बायका बहुधा उलटं करतात. मधून बाहेर जायचं, म्हणजे कापडाचा सैलपणा कडेला निघून जातो, असा त्यांचा हिशेब. गोधडीत कडा आधीच बंद झाल्या, मग सैलपणा जाणार कुठे? तो प्रत्येक फेरीत थोडा थोडा जिरवावा लागतो. डावा तळवा टाक्याच्या पुढे फिरत राहतो, सळ काढतो, उरलेलं कापड दोन टाक्यांमध्ये वाटून टाकतो. हात कच्चा असेल तर शेवटी मधोमध फुगा येतो आणि तो लपवता येत नाही. जिरलेल्या सैलपणाच्या बारीक चुण्या मात्र गोधडीभर राहतात. त्यांत हवा अडकते आणि ऊब धरते. उत्तर कन्नडातल्या हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी बायकांची कवंदीसुद्धा अशीच कडेकडून आत जाते.

आता दाबाची गोष्ट. तुकडे जोडून वरचा थर करायचा असेल तर प्रत्येक शिवणीला पाव इंच माया सोडतात. ही माया उलगडून दोन्हीकडे पाडायची की दोन्ही पदर एकाच बाजूला झुकवायचे, यावर शिकणाऱ्यांचे वाद होतात. हाताने टाका घालायचा असेल तर माझं मत एका बाजूला, आणि तीही गडद तुकड्याकडे, कारण फिक्या कापडाखालून ती सावलीसारखी दिसते. इस्त्री ठेवायची आणि उचलायची. कपड्यावर फिरवतात तशी ढकलली तर उरेब कापलेला तुकडा ताणतो आणि चौकोन चौकोन राहत नाही.

शिवण कुठे झुकली त्यावर टाका कुठे पडेल हे ठरतं. मायेच्या बाजूला कापडाचे दोन जादा पदर असतात. तिथे सुई अडते, टाका लांब पडतो, बोट दुखतं ते वेगळंच. म्हणून शिवणीलगत टाका घालायचा तर तो मोकळ्या बाजूने, नाहीतर माया ओलांडून. चार शिवणी जिथे भेटतात तिथे शेजारशेजारच्या माया उलट दिशांना पाडाव्यात, नाहीतर गाठ येते. दोऱ्याला मेण आणि बोटात अंगुस्तान असेल तर एकदम चार-पाच टाके सुईवर भरून मग दोरा ओढता येतो.

जुन्या बायकांनी यातलं बरंचसं इस्त्रीशिवाय केलं. ठिगळाची कड दुमडायची, नखाने दाबायची आणि दाब सुटायच्या आत टाका घालायचा. सुती कापड नखाचा दाब धरतं. पॉलिएस्टर धरत नाही, शिवाय घसरतं आणि घाम टिपत नाही. साडी सुती राहिली नाही, हे गोधडी मागे पडण्याचं मोठं कारण मला वाटतं. जी सुती उरली ती बोहारणीकडे जाऊन तिचं स्टीलचं पातेलं झालं.

मध्य रेल्वेच्या घाटकोपर-मुलुंड पट्ट्यात गोधडी एकटी नाही, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. मुलुंड कॉलनीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. त्यांच्या मुलखातल्या रल्लीत टाक्यांच्या ओळी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात. घाटकोपर-मुलुंडच्या कच्छी कुटुंबांच्या मुलखात धडकी शिवतात. सातारा-सांगलीहून आलेल्यांची वाकळ त्यांच्याच शेजारच्या गच्चीत वाळत पडायची. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर इंग्रजीत आख्खं पुस्तक केलं. मराठीत या कामाची तितकी दखल घेतली गेली नाही, याचं वाईट वाटतं.

आज उपनगरात गोधडी तग धरून आहे मुख्यतः बाळंतविड्यात. आजीच्या मऊ सुती साडीची दोन हात लांबीची गोधडी अजून हौसेने शिवली जाते. मोठी गोधडी मात्र बहुतेक जण विकत घेतात, आणि ‘हाताची’ म्हणून यंत्रावरचीही खपते. घेताना उलटी करून बघा. यंत्राच्या शिवणीत टाक्याला टाका लागून असतो. धावदोऱ्यात प्रत्येक टाक्यामागे मोकळी जागा दिसते आणि ती कुठेकुठे कमीजास्त असते. सलग शिवणीची गोधडी वाईट नसते, पण तिला हातकामाची किंमत देऊ नका. आणि खरी हाताची असेल तर घासाघीस करू नका.